सात नंबरचा बोल्ट

मी हेड बोलतोय. एका छोट्या मोटारीच्या इंजिनाचं हेड. सध्या इंजिनावर नाही. एका गॅरेजात, कामाची जागा आणि मागचं स्वयंपाकघर यांच्या मधल्या दाराशी जमिनीवर आहे. पडून आहे असं म्हणू नका. दार उघडं धरून ठेवायचं काम माझ्याकडे दिलंय आणि ते मी चोख करतो.

तुम्ही मला ओळखत नसाल. त्यात तुमचा दोष नाही. लोक गाडीचा रंग बघतात, सीटचं कापड बघतात. बॉनेट उघडलं तरी मी दिसत नाही, कारण माझ्यावर आणखी एक झाकण असतं. म्हणून आधी माझी ओळख करून देतो.

इंजिनाचे मुख्य भाग दोन. खाली ब्लॉक. त्याच्यात पिस्टन वरखाली पळतात. त्याच्यावर मी, पातेल्यावर झाकण असतं तसा. पण नुसतं झाकण समजू नका. हवा आणि पेट्रोल आत जायचं ते माझ्यातून, धूर बाहेर पडायचा तो माझ्यातून, आणि ठिणगी पडायची ती माझ्या पोटाखाली. सगळा जाळ आधी मला लागतो. मी कधी कुरकुर केली नाही.

वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी जन्मलो. मग मला तासलं, भोकं पाडली, घासून गुळगुळीत केलं. शेवटी एका तपासणाऱ्या बाईनं माझ्या खालच्या अंगावरून तळहात फिरवला, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही. "सरळ आहे," ती म्हणाली आणि मला पुढे ढकललं. माझ्याबद्दल कुणी बोललेला हा पहिला शब्द. मला अजून त्याचा अभिमान आहे.

पुढच्या टेबलावर ब्लॉक होता. बिडाचा. काळा, जड, अबोल. आमच्या दोघांत एक पातळ गॅस्केट, फट बुजवणारा पत्रा, घातलं आणि दहा बोल्टांनी मला त्याच्यावर आवळलं. त्यानंतर इतकी वर्षं, दुरुस्तीपुरतं सोडलं तर, आम्ही एकमेकांपासून हललो नाही.

आमचे स्वभाव वेगळे. मी लवकर तापतो आणि तापलो की फुगतो. तो सावकाश तापतो, जागचा हलत नाही. मी वर ताणला जायचो, तो खालून धरून ठेवायचा. गाडी बंद झाली की आम्ही दोघं गार व्हायला लागायचो आणि गार होताना धातू वाजतो. टिक. टिक. तुम्हीही कधी ऐकलं असेल. लोकांना वाटतं, इंजिन मोडलं की काय. काही मोडलेलं नसतं. आमचं बोलणं चाललेलं असतं. मी लवकर तापतो तसा लवकर गारही होतो. माझं वाजणं आधी थांबायचं. त्याचं मागाहून बराच वेळ चालायचं. एक टिक, मग मोठी शांतता, मग आणखी एक. मी गप्प पडून ते ऐकत असायचो. एवढंच सुख होतं. पण पुरेसं होतं.

आमची गाडी एका नर्सबाईंनी घेतली. त्या घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. गाव संपून डोंगर सुरू होतो तिथे वरच्या वस्तीत त्यांचे बरेचसे पेशंट. चढ मोठा, वळणांचा. बाई बारीक चणीच्या, तोंडानं फटकळ. औषधांची बॅग शेजारच्या सीटवर ठेवायच्या आणि तिलासुद्धा पट्टा लावायच्या.

माणूस गाडीत एकटं असलं की खरं बोलतं, हे मी बाईंकडून शिकलो. पेशंटच्या घरी त्या म्हणायच्या, "काही नाही, आठ दिवसांत पळायला लागाल." गाडीत बसल्या की दार लावून घ्यायच्या, किल्ली न फिरवता थोडा वेळ तशाच बसायच्या आणि म्हणायच्या, "नाही पळायचे हो हे." मग गाडी सुरू करायच्या. चढावर इंजिनाला दम लागला की आमच्याशी बोलायच्या. "एवढं काढ रे. उतारावर झोप मग." आम्ही काढायचो.

आता गॅरेजबद्दल. गॅरेज दोन भावांचं. वडिलांनी सुरू केलेलं. वडील गेले, पण त्यांची एक शिस्त मागे राहिली होती.

हेड बसवताना दहा बोल्ट मन मानेल तसे आवळायचे नसतात. मधून सुरू करून कडेकडे जायचं, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. तेही एका दमात नाही. पहिल्या फेरीत हलके, दुसरीत जरा जास्त, तिसरीत पक्के. एखादा राहिला किंवा मागेपुढे झाला तर माझ्यासारखं हेड वाकतं. वडिलांचा नियम असा होता की जो आवळतो त्यानं मोजायचं नाही आणि जो मोजतो त्यानं पान्याला हात लावायचा नाही. आवळणाऱ्याचं सगळं ध्यान मनगटात असतं. मोजायला दुसरं डोकं हवं.

म्हणून धाकटा भिंतीला टेकून उभा राहायचा आणि आकडा म्हणायचा. थोरला वाकून आवळायचा.

"चार."

"बसला."

"पाच."

"बसला."

'बसला' ऐकल्याशिवाय पुढचा आकडा म्हणायचा नाही. माझे व्हॉल्व्ह घासायला मला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा या दोघांनी मला परत असं बसवलं होतं. कारखान्यात यंत्रानं बसवलं होतं त्याहून बरं. बोल्टागणिक मला कळत होतं की वर दोन माणसं आहेत आणि दोघांचं लक्ष माझ्यावर आहे. थोरल्याची बायको मागच्या स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत असायची. तिसरी फेरी संपली की कुणी न सांगता चहा टाकायची.

मग ते बिघडलं. जमीनजुमल्यावरून नाही, बायकांवरून नाही. एका पान्यावरून.

धाकट्यानं नवा पाना आणला. हवा तेवढा जोर लागला की तो पाना आपोआप 'टिक' वाजतो आणि माणसाला थांबवतो. धाकट्याला त्याचं मोठं कौतुक. थोरल्याला तो पाना म्हणजे वडिलांच्या हाताचा अपमान वाटला. त्या दिवशी आमची गाडी ऑइल बदलायला आली होती. बाई बाकावर बसल्या होत्या. धाकटा म्हणाला, "दादा, एकदा वापरून तर बघ."

थोरला म्हणाला, "ज्याच्या हातात अंदाज नाही त्याला लागतात असली खेळणी. तुझ्या हातात कधी अंदाज नव्हताच. म्हणून तर बाबांनी तुला आकडे म्हणायला उभा केला."

बाई बाकावर सावरून बसल्या.  धाकट्यानं पाना फडक्यात गुंडाळला, हात धुतले, शर्ट बदलला आणि गेला. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यानं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं. पंपाला हेड नसतं.

त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद. रस्ता एकच. समोरासमोर आले तर थोरला आभाळाकडे बघायचा आणि धाकटा चपलेकडे.

पुढे माझ्या गॅस्केटमधून, आम्हाला गार ठेवायला आत फिरणारं पाणी झिरपायला लागलं. वयानं होतं तसं. बाईंनी गाडी आणून लावली. थोरल्यानं मला उतरवलं, साफ केलं, पट्टी धरून पाहिली. मी तेव्हाही सरळ होतो. नवं गॅस्केट घातलं, मला ब्लॉकवर ठेवलं आणि मग पाना हातात घेऊन तो नुसताच उभा राहिला. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

त्याची बायको दारात आली. "मी म्हणू का आकडे? मला पाठ आहेत."

"तुला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "दार लावून घे."

तिनं दार लावून घेतलं.

त्यानं एकट्यानं सुरुवात केली. सवय जाईना, म्हणून दोन्ही बोलणी तोच बोलायचा. "एक," असं मोठ्यानं. मग खाली मान घालून, हळू, "बसला." पुन्हा मोठ्यानं "दोन." मी ऐकत होतो. एकाच माणसाचे दोन आवाज. पहिला आवाज त्याचा नव्हताच. आकडा लांबवून म्हणायची ती धाकट्याची ढब होती.

दोन फेऱ्या झाल्या. तिसरी चालू होती. सहा बसला. त्यानं "सात" म्हटलं आणि पाना सातवर ठेवला, तेवढ्यात रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत सुटलं. एक टेम्पो दारातच बंद पडला होता. थोरला पाना ठेवून ढकलायला गेला. परत आला, कपाळ पुसलं, पाना उचलला आणि म्हणाला, "आठ."

सात राहिला.

मला कळलं. दहा बोल्टांतला एक सैल असला की हेडाला कळतंच. चपलेत खडा असला तर तुम्हाला कळतो ना, तसं. ब्लॉकलाही कळलं असणार. पण आम्हाला आवाज असतो तो गार होताना. तेव्हा तर इंजिन सुरूच झालं नव्हतं. थोरल्यानं झाकण लावलं, बाई किल्ली घेऊन गेल्या.

बराच काळ काही झालं नाही. सैल कोपऱ्यावर मी रोज केसाएवढा उचलला जात होतो. ब्लॉक मला धरत होता, पण तो तरी किती धरणार? बाकी नऊ बोल्ट माझ्या बाजूनं होते, तो एक नव्हता. हळूहळू त्या कोपऱ्यातून पाणी आत मुरायला लागलं.

बाईंचा एक म्हातारा पेशंट होता. सुतार. पायाची जखम भरत नव्हती. राहायला सगळ्यात वरच्या घरात. बाई जायच्या तेव्हाच त्याची पट्टी सुटायची आणि नवी बांधली जायची. त्या दिवशी त्याच्या सुनेचा फोन आला की पायातून रक्त थांबत नाहीये. बाईंनी गाडी चढाला लावली. अर्ध्या वाटेत पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा वर सरकायला लागला. बाईंनी पाहिला. काटा लाल रेघेवर गेला. तोही पाहिला.

"एवढं काढ रे," त्या म्हणाल्या. "आजचं काढ."

शहाण्यानं तिथे थांबायचं असतं, इंजिन बंद करून गार होऊ द्यायचं असतं. मीही तुम्हाला तेच सांगीन. पण त्या दिवशी बाईंनी मला विचारलं असतं तर मी चला म्हणालो असतो.

शेवटच्या वळणाआधी माझ्यात पाणी उरलं नव्हतं. नुसता जाळ. मी फुगत गेलो, ब्लॉक खाली तसाच घट्ट. नऊ बोल्टांनी मला दाबलं, सातच्या कोपऱ्यात मी उचलला गेलो आणि वाकलो. मग दोन व्हॉल्व्हांच्या मधे बारीक आवाज झाला आणि मला चीर गेली. तरी सुताराचं अंगण आलं. बाई बॅग घेऊन पळाल्या. पाय वाचला, असं पुढे कळलं.

त्या दिवशी आम्ही गार झालो ते शेवटचं. मी आधी गप्प झालो. तो वाजत राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजला. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर आणखी नीट ऐकलं असतं.

दूधवाल्याच्या गाडीला दोर बांधून आमची गाडी गॅरेजात आणली. थोरल्यानं बोल्ट सोडायला घेतले. सोडताना उलटं असतं, कडेकडून मधे. दहा, नऊ आणि आठ नंबरचे बोल्ट कुरकुरत, जोर लावून सुटले. सातला नुसता पाना टेकवला आणि तो फिरला. थोरल्याचा हात तिथेच थांबला. त्यानं बोल्ट बोटांनी काढला. बोटांनी निघायचा नसतो तो. मग मला उचललं.

उचललं तेव्हा गॅस्केट एका बाजूनं मला आणि दुसऱ्या बाजूनं ब्लॉकला चिकटून फाटलं. तेवढाच आमचा निरोप. थोरल्यानं मला बाकावर उलटं ठेवलं आणि पट्टी उभी धरली. खालून उजेड दिसला. चांगला दिसला. मी पुन्हा कधी कुणाच्या पट्टीखाली गेलो नाही तर बरं, असं मला झालं.

लेथवाल्याला दाखवायलाही नेलं नाही. चीर डोळ्यांना दिसत होती. "नवीन हेड लागेल," थोरला बाईंना म्हणाला.

"लागू दे. पण गेलं कशानं हे?"

थोरला सातचा बोल्ट बोटांत फिरवत राहिला.

"मी दामटवली म्हणून?"

"नाही," तो म्हणाला. "तुमच्यामुळे नाही."

बाई गेल्यावर बायको चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"सातचा ना?" तिनं विचारलं.

थोरल्यानं वर पाहिलं. "तुला काय माहीत?"

"दाराआडून ऐकू येतं. त्या दिवशी तुम्ही सात म्हणालात. मग हॉर्न वाजला. मग एकदम आठ म्हणालात. सातचं 'बसला' आलंच नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, तुला काय कळतंय. दार लावून घे म्हणालात. घेतलं." तिनं पदरानं बाकाची कड पुसली. "चहा निवतोय."

थोरला चहाकडे बघत बसला. चहा निवला.

नवीन हेड आलं. खोक्यातून काढलं तेव्हा लखलखत होतं. अंगावर एक डाग नाही. थोरल्यानं ब्लॉकचा माथा घासून स्वच्छ केला. मी बाकावरून बघत होतो. इतक्या वर्षांत मी त्याला वरून कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्यावर बसलेलो असताना कसा दिसणार, आणि उतरवलं तेव्हा मला भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. चार गोल कप, मधून पाण्याच्या वाटा, कडेला दहा भोकं. ओळखीचा वाटला नाही. मग सातचं भोक पाहिलं, काजळी धरलेलं, आणि ओळखला.

नवं गॅस्केट घातलं. नवं हेड वर ठेवलं. दहाही बोल्ट हातानं नुसते अडकवले. आणि तिथे काम थांबलं. थोरल्यानं पाना घेतला, भिंतीकडे पाहिलं आणि पाना परत टांगला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

बाई चालत पेशंटकडे जात होत्या. येताजाता डोकवायच्या. घामानं डबडबलेल्या.

"मिस्त्री, हेड बसलेलं दिसतंय की!"

"नुसतं ठेवलंय. आवळलं नाही."

"मग आवळा. मुहूर्त बघताय का?"

"माणूस नाही."

"तुम्ही कोण मग? कळसूत्री बाहुली?"

"आकडे म्हणायला माणूस नाही."

बाईंनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "त्या टोकाला एक आहे," त्या म्हणाल्या. "जाता येता बघते. दिवसभर पंप खोलतो आणि गिऱ्हाईक नसलं की बोटांनी टेबलावर काहीतरी मोजत बसतो."

"तो यायचा नाही."

"बोलावलंत?"

थोरल्यानं टांगलेल्या पान्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, त्या सुताराला मी रोज सांगते, पाय खाली टाकून बघा, दुखेल पण उभे राहाल. तो म्हणतो, उभा राहिलो आणि पडलो तर? आज शेवटी उभा राहिला. तुमच्यापेक्षा बराच म्हातारा आहे." आणि त्या चढाकडे चालायला लागल्या.

थोरल्यानं बराच वेळ हात पुसले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग त्यानं मला उचललं, पोत्यात गुंडाळलं, काखेत मारलं आणि रस्त्याला लागला. मी काही हलका नाही. वाटेत त्यानं मला दोनदा या काखेतून त्या काखेत घेतलं. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. दुकानदार वर बघत होते. त्यानं आभाळाकडे पाहिलं नाही. समोर बघत चालला.

धाकट्याच्या दुकानात पंप उघडे पडले होते. धाकटा मान वर न करता म्हणाला, "कुठला पंप आहे?"

थोरल्यानं मला त्याच्या टेबलावर ठेवलं. पोतं काढलं.

धाकट्यानं आधी मला पाहिलं, मग त्याला. मला उलटं केलं. खिशातून छोटी पट्टी काढली, धरली, उजेड पाहिला. चीर पाहिली. मग त्याचं बोट कडेच्या भोकावर येऊन थांबलं. तिथून काजळीचा एक पट्टा आत गेला होता. वाचता न येणाऱ्यालाही वाचता येईल असा.

"सात," धाकटा म्हणाला.

"हो."

"एकट्यानं बसवलंस?"

"हो."

"वहिनी होती ना घरात."

"होती."

धाकट्यानं मला सरळ केलं.  शेजारी एक पंप गळत होता, त्याचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं.

"नवीन हेड आलंय," थोरला म्हणाला. "वर ठेवलंय नुसतं."

"मग आवळ की. अंदाज आहे ना हातात." धाकट्यानं पट्टी परत खिशात घातली. "माझ्या हातात नाही म्हणालास. बाईंच्या समोर म्हणालास."

"म्हणालो."

"मी कशाला हवा मग?"

 थोरला माणूसच असा की त्याच्या तोंडून माफीचा शब्द कधी पडत नाही. तेव्हाही पडला नाही. तो म्हणाला, "तुझा तो टिक वाजणारा पाना घेऊन ये. तू आवळ. मी आकडे म्हणतो."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं टेबलाखालचं फडकं काढलं. पाना त्यात तसाच होता. तेल लावून ठेवलेला. पंपाला कधी लागत नाही असला पाना.

मला घेऊन दोघं परत निघाले. या वेळी धाकट्यानं मला उचललं होतं. मी इंजिनात होतो तेव्हा गाडीतल्या कितीतरी माणसांना वर चढवलं. पण ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, ते मी मोडल्यानंतर केलं. बोलायला काही नव्हतं तेव्हा थोरल्यानं मला बोलायला नेलं.

गॅरेजात बाई पेशंट उरकून बाकावर येऊन बसल्याच होत्या. धाकट्याला पाहून त्या म्हणाल्या, "आलात? बरं झालं. माझे पाय गेले हो चालून." धाकटा वाकला. थोरला भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला ती जागा नवी होती. हात कुठे ठेवावे ते कळेना, शेवटी मागे बांधले.

"एक."

टिक. "बसला."

"दोन."

टिक. "बसला."

मी बाकावरून पाहत होतो. माझ्या जागी दुसरा होता. दहा बोल्ट त्याच्यासाठी वाजत होते. त्याला काय चाललंय हे कळतसुद्धा नसेल. मलाही पहिल्या वेळी कळलं नव्हतं. एकेका 'बसला'नं तो ब्लॉकच्या जवळ जात होता आणि मी एकेका 'बसला'नं लांब. तरी मी मनात मोजत होतो. चुकू नये म्हणून.

तिसरी फेरी. सहा झाला.  थोरल्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. धाकटा सातवर पाना लावून वाकून तसाच थांबला. आकड्याशिवाय आवळायचं नाही.

"दादा," तो खाली बघतच म्हणाला. "म्हण की."

"सात," थोरला म्हणाला.

टिक.

"बसला."

आतून, स्वयंपाकघराच्या दाराआडून, वहिनीचा आवाज आला, "ऐकलं!"

बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की बॅग मांडीवरून पडली. धाकटा हसला. थोरला हसला नाही, पण त्यानं "आठ" म्हटलं ते लांबवून, धाकट्याच्या ढबीनं.

मग झाकण लागलं, पाणी भरलं, बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी ऐकलं. खालचा घुमारा तोच होता, त्याचा. वरचा आवाज परका. पण लय लागली. लागायलाच हवी होती. मी त्या आवाजात स्वतःला शोधलं. नव्हतो.

पुढे भंगारवाला आला. बाकावरचे जुने भाग गोळा करता करता त्यानं मला हात घातला. थोरला म्हणाला, "ते नाही."

"अ‍ॅल्युमिनियम आहे, मिस्त्री. चांगलं वितळेल."

"ते नाही म्हणालो ना."

मला वितळायला भीती नव्हती, हे सांगतो. वितळूनच तर झालो होतो. पण वितळलो असतो तर दुसरंच काही झालो असतो आणि ब्लॉकला विसरलो असतो. ते मला नको होतं. थोरल्यानं मला उचललं, मधलं दार सताड उघडलं आणि मला त्याच्या पायाशी ठेवलं. दार परत मिटू नये म्हणून. बायकोला म्हणाला, "आतून ऐकू यायला हवं."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि आत गेली. पण दार तेव्हापासून उघडंच आहे.

भाऊ एकत्र राहायला आले नाहीत. धाकट्याचं पंपाचं दुकान चालू आहे. दोघं फार बोलतही नाहीत. पण हेड बसवायचं असलं की थोरला रस्त्याच्या टोकाला निरोप पाठवतो आणि धाकटा फडक्यात गुंडाळलेला पाना घेऊन येतो. एखाद्या वेळी हा म्हणतो, तो आवळतो. एखाद्या वेळी उलट. मी दाराशी मोजत असतो. वहिनी आत मोजत असते. आता चुकायची सोय नाही.

माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही. व्हॉल्व्हांच्या भोकांत कोळ्यानं जाळं केलंय. माझी त्याला हरकत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या गाडीचा काटा लाल रेघेवर गेला तर थांबा. वर कुणी वाट बघत असेल तर मी काय सांगू, तुमचं तुम्ही ठरवा. पण दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून, माझ्या भावकीतलं जे हेड आत असेल, त्याच्यावरच्या झाकणाकडे तरी एकदा बघा.

बाई अजून येतात. पेशंटकडून परत येताना गाडी गॅरेजाच्या दारात लावतात आणि वहिनीशी बोलत बसतात. गाडी बंद झाली की मी कान देतो. आधी तो नवा वाजतो, भराभर, आणि लवकर गप्प होतो. मग राहतो एकटा ब्लॉक. टिक. बराच वेळ काही नाही. पुन्हा टिक.

मी आधीच गार असतो. ऐकत असतो.